या महिन्यात इराण

अरविंद टिपणीसने थर्मासमधल्या गरम पाण्याचा एक घोट घेतला, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मंडळींना नमस्कार केला, बोलायला तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा बाहेर आली. त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी जो आवाज निघाला तो ऐकून मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

घसा सकाळपासूनच धरला होता. हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं होतं. पण शनिवार चुकवणं त्याच्या जिवावर आलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी वाशीतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अरविंद जगातल्या कुठल्या तरी देशाचं महाकाव्य मराठीतून सांगायचा. त्या काव्यांची मूळ नावं घेताना भल्याभल्यांची बोबडी वळायची, म्हणून सगळे त्यांना देशाच्या नावानेच ओळखत. जिन्यात भेटलेला माणूस हटकून विचारायचा, “टिपणीस, या महिन्यात कुठला देश?” फिनलंड झाला होता, मातीच्या विटांवर कोरलेला इराक झाला होता, आफ्रिकेतला माली झाला होता. आज ग्रीसची पाळी होती. महाप्याच्या एका कंपनीत नटबोल्टांच्या भावावरून घासाघीस करण्यात ज्याचे दिवस जात होते, त्या माणसाला चारचौघांत जो काही मान होता तो या शनिवारांमुळे होता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“आता काय करायचं?” सोसायटीच्या सेक्रेटरी मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. “लोक आलेत एवढे. नंदिनी, तूच सांग ना. घरी तू ऐकतेसच की सगळं.”

अरविंदची बायको दाराजवळ शेवटच्या खुर्चीवर बसली होती. कार्यक्रमानंतरच्या चहाकडे तिलाच बघावं लागे, म्हणून ती जागा.

“मी? काहीतरीच! मला कुठे ती नावं येतात?”

“नावं राहू देत गं. गोष्ट सांग.”

नंदिनीने अरविंदकडे पाहिलं. त्याने मोठ्या मनाने हात हलवून तिला पुढे बोलावलं. त्या क्षणी त्याला त्यात गंमतच वाटली होती.

ती ऐकायची हे खरंच होतं. अरविंद जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून वाचायचा आणि मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात फ्रिजपासून दारापर्यंत फेऱ्या घालत मोठ्याने सराव करायचा. नंदिनी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तिचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचण्यापुरतं. मधेच ती विचारायची, “मग त्याच्या आईला कुणी कळवलं का?” अरविंद वैतागायचा आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप पुस्तकात शोधायचा.

पदर खोचून ती पुढे आली आणि तिने सुरुवातच भलतीकडून केली. अरविंदने पंधरा दिवस घासून तयार केलेली समुद्रातली वादळं तिने हातसुद्धा न लावता बाजूला ठेवली. राजा लढाईला गेलाय, वर्षानुवर्षं परत आलेला नाही, राणीशी लग्न करायला टपलेले पुरुष वाड्यात ठाण मांडून बसलेत, तिथून तिने गोष्ट उचलली.

“रोज एवढे लोक जेवायला,” नंदिनी म्हणाली, “आणि सगळे फुकटे. त्या स्वयंपाकघराची काय दशा होत असेल, सांगा!”

हॉल खळखळून हसला. मग हळूहळू शांत होत गेला. राणी दिवसा विणते आणि रात्री उसवते ते सांगताना नंदिनीचे हातही तसेच हलत होते. शेवटी राजा समोर येऊन उभा राहतो आणि राणी त्याला ओळख देत नाही. ती त्याची परीक्षा घेत होती, असं अरविंद घरी सांगायचा. नंदिनीने निराळंच सांगितलं.

“तिला भीती वाटली हो. इतकी वर्षं वाट बघितली. आता हाच तो म्हटलं, की उद्यापासून वाट कुणाची बघायची?”

मग टाळ्या वाजल्या त्या थांबेनात.

चहाच्या वेळी सगळे तिच्याभोवती. कांदा-बटाटा मार्केटात गाळा असलेले साताऱ्याचे सयाजी कदम रुमालाने डोळे पुसत पुढे आले.

“वैनी, काय सांगितलंसा ओ! आमचा थोरला चुलता बर्माच्या लढाईत गेलेला. चुलती अशीच दारात बसून असायची बगा.” मग अरविंदकडे वळून ते म्हणाले, “साहेब, एवढ्यात घसा बरा करू नगासा!”

सगळे हसले. अरविंदही हसला, फक्त त्याच्या हसण्याला आवाज नव्हता.

अरविंदला मत्सर वाटला. शब्द तोच, दुसरा नाही. कौतुक आहे, अभिमान आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली, पण ती पटली नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो घोगऱ्या आवाजात म्हणाला,

“वादळं सगळी गाळलीस तू.”

“हो का? अगंबाई! मला ती सगळी सारखीच वाटतात,” नंदिनी म्हणाली आणि कुशीवर वळून झोपी गेली.

पुढच्या आठवड्यात जिन्यातला तो प्रश्न माणूस बदलून आला. “वहिनी, या महिन्यात कुठला देश?” मालतीबाईंनी विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं. शेजारच्या सेक्टरमधल्या महिला मंडळाकडून निरोप आला, तोही तिच्याच नावाने. नंदिनीला मजा येत होती, आणि ती लपवत नव्हती. भाजी निवडताना स्वतःशीच हसायची. रोजच्या साडीवर मॅचिंग ब्लाउज घालायला लागली होती. अरविंदला सगळं दिसत होतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं स्टूल पुसून ते त्याच्याकडे सरकवत तिने विचारलं,

“आता इराण ना? कधीपासून सुरू करताय?”

“बघू.”

“घसा तर बरा झालाय.”

“बघू म्हटलं ना.”

त्याने तिला ऐकवायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, पुस्तक उघडल्यावर त्याचे ओठच हलेनात. तोंडातून शब्द निघाला की तो तिचा होणार आणि तिच्या तोंडून तो जास्त चांगला लागणार, हे त्याला आता कळून चुकलं होतं. तो बेडरूमचं दार लोटून मनातल्या मनात वाचू लागला. सराव करायचा म्हणजे मोठ्याने बोलणं भाग होतं. मग संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तो घरापर्यंत न येता अलीकडेच उतरायचा, खाडीकाठच्या बांधावर जायचा आणि तिवरांच्या झुडपांना इराणची गोष्ट सांगायचा. एकदा एक कोळीण पाटी घेऊन समोरून आली, थबकली आणि त्याला वळसा घालून निघून गेली.

“उशीर झाला?” नंदिनी दार उघडून विचारायची.

“काम होतं.”

ती त्याच्या बुटांकडे पाहायची. बुटांना खाडीचा काळा चिखल लागलेला असायचा. सकाळी बूट स्वच्छ पुसून दाराशी ठेवलेले असायचे.

पहिले काही दिवस स्वयंपाक करताना ती रेडिओ बंद ठेवायची. बाहेर त्याच्या पावलांचा आवाज आला की लाटणं थांबवायची. एकदा जेवताना तिने न राहवून विचारलं,

“इराणात काय असतं हो?”

“बाप आणि मुलगा.”

“मग?”

“मग काय? लढाई.”

“कुणाशी?”

“एकमेकांशी,” अरविंद म्हणाला आणि त्याने पेपर वर धरला. पेपरच्या पलीकडे ती थोडा वेळ वाट पाहत बसली असावी, कारण ताटावर चमच्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात रेडिओ पुन्हा सुरू झाला.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या सेक्टरांतूनही लोक आले होते. मालतीबाईंनी माइक हातात घेऊन सरळ विचारलं,

“आज नंदिनीच ना?”

“वैनी, या म्होरं!” सयाजी कदमांनी हाक दिली. दोन-चार टाळ्याही पडल्या.

नंदिनी दाराजवळच्या खुर्चीतून अर्धवट उठली.

“नाही हो. मला ही गोष्ट येत नाही.”

“असं कसं? घरी ऐकली असशीलच की.”

‘यांनी या वेळी मला सांगितलीच नाही,’ एवढं एकच वाक्य ती बोलली असती, तर त्या भरल्या हॉलमध्ये त्याची किंमत काय राहिली असती, हे त्याला त्या दोन सेकंदांत लख्ख दिसलं. नंदिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“या वेळी मलाच सवड झाली नाही,” ती म्हणाली. “तेच सांगतील. छान सांगतात ते.”

ती खाली बसली. अरविंद उभा राहिला आणि त्याने सांगायला सुरुवात केली.

राजांच्या वंशावळीपासून सुरुवात करायची, असा त्याचा बेत होता. पण तोंडून निघाली ती आई. परक्या मुलखातली एक बाई, तिचा नवरा तिला कधीचा सोडून गेलेला. पोर वाढतंय, बाप कुठे म्हणून विचारतंय. नवऱ्याने दिलेली खूण ती पोराच्या दंडाला बांधते आणि त्याला घोड्यावर बसवते. तिला त्याला अडवायचं असतं आणि ती लगाम मात्र त्याच्याच हातात देते. हे सांगणं नंदिनीच्या पद्धतीचं होतं, अरविंदला ते बोलतानाच कळत होतं. तरी तो थांबला नाही. नावं त्याने घेतलीच नाहीत. बाप म्हणाला, पोर म्हणाला, आई म्हणाला. लोक पुढे सरकून बसले. मैदानात बाप आणि पोर एकमेकांना न ओळखता समोरासमोर आले तेव्हा कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. बापाने पोराला आडवं पाडलं, खंजीर खुपसला, मग चिलखत सोडलं आणि दंडावरची खूण पाहिली. तिथे अरविंद थांबला. त्या शांततेत त्याची नजर आपोआप दाराकडे गेली, आणि खुर्ची रिकामी होती.

चहाचं बघायला गेली असेल, असं मनाशी म्हणत त्याने गोष्ट पुरी केली. टाळ्या मागच्या वेळेपेक्षा जास्त होत्या, निदान त्याला तरी तसं वाटलं. सयाजी कदमांनी येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

“साहेब, आज वैनीलाबी मागं टाकलंसा!”

हेच ऐकण्यासाठी महिनाभर त्याचा जीव टांगणीला लागला होता. ते ऐकून त्याने मान वळवून तिला शोधलं. चहाच्या टेबलाशी मालतीबाई एकट्याच कप भरत होत्या.

नंदिनी खाली स्कूटरींच्या शेडपाशी बाकावर बसलेली सापडली. पर्स मांडीवर होती आणि ती समोरच्या बिल्डिंगमधल्या उजळलेल्या खिडक्या बघत होती.

“काय गं, बरं नाही का वाटत?”

“बरी आहे की.”

“मग उठून का आलीस?”

तिने पर्स उचलून त्याला जागा करून दिली.

“मी ऐकू नये असं होतं ना तुमच्या मनात. म्हणून आले बाहेर.” तिच्या आवाजात राग नव्हता. घरातली साखर संपली हे सांगावं तितक्या सहज ती बोलली.

अरविंद बसला. वरच्या हॉलमधून लोकांचा गलबला आणि खुर्च्या घडी केल्याचे आवाज येत होते.

“कुठपर्यंत ऐकलीस?”

“पोराला घोड्यावर बसवते तिथपर्यंत. आईपासून सुरुवात केलीत. चांगलं केलंत.”

अरविंद तिच्याकडे वळून म्हणाला,

“पुढे काय होतं, तो पोरगा मैदानात—”

“नको,” नंदिनीने त्याच्या हातावर हात ठेवला. “असू दे ती गोष्ट तुमच्याकडेच.”

वरची खिडकी उघडली आणि सयाजी कदमांनी डोकं बाहेर काढलं.

“साहेब, खाली काय करताय? वर या की! समदी थांबल्यात.”

नंदिनीने हात काढून घेतला आणि पर्स पुन्हा मांडीवर ठेवली.

“जा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच थांबलेत.”