सहा इस्पिक

साऱ्या खाणीत पत्त्यांचा स्काट खेळत. माणसं खाली नेणारा पाळणा वर येईपर्यंत शाफ्टच्या तोंडाशी, बिअरच्या दुकानात, कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा. ब्रिज खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्याकडे बाकीचे जरा तिरकंच बघायचे. त्यातली राइमुंड कोत्सुर आणि एवाल्ड पिएखा ही जोडी सतरा वर्षं टिकली होती.

राइमुंड वरच्या थरावरचा मुकादम. आडदांड, मोठ्या आवाजाचा. एवाल्ड मोजणीदार. बोगदा कुठवर आला, पुढची जुनी पोकळी किती अंतरावर आहे, कुठल्या भिंतीला हात लावायचा नाही, हे तो यंत्रातून बघून वहीत लिहायचा, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर राइमुंड आपली चाळीस माणसं आत घालायचा. सतरा वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता. पत्त्यांतही तसंच. राइमुंड बोली वर चढवायचा आणि एवाल्ड मुकाट्यानं ती निभावून न्यायचा. राइमुंडला सगळे मुंडेक म्हणत. "मुंडेक हप्ते ठरवतो, फेडतो एवाल्ड," असं लोक म्हणत, आणि त्यावर सगळ्यांत जास्त राइमुंडच हसायचा.

डिसेंबरात खाणकामगारांच्या संत बार्बाराच्या सणाला खाणीच्या सभागृहात जोड्यांची स्पर्धा असे. त्या वर्षी रविवारी दुपारी दहा टेबलं मांडली होती. भिंतीला बिअरची पिंपं, रक्तीच्या सॉसेजचा वास, आणि खेळ संपायची वाट बघत उभे असलेले बँडवाले. तीन डाव उरले होते आणि राइमुंड-एवाल्ड दुसऱ्या नंबरावर होते.

त्या डावात एवाल्डच्या डाव्या हाताला हुबर्ट नावाचा सुतारकामाचा मुकादम बसला होता. त्यानं सुरुवातच तीन बदामांनी केली. अशी उडी माणूस कधी घेतो, तर हातात बदामांची सात पानं असतात आणि बाकी फारसं काही नसतं तेव्हा. राइमुंडनं डबल दिलं, म्हणजे भिडूला 'तुझा रंग सांग' असा इशारा. उजवीकडचा गप्प. एवाल्ड म्हणाला, "चार इस्पिक."

तिथं थांबायला हवं होतं. चार इस्पिक म्हणजे दहा हात करायचे, तेवढे समोर दिसत होते. पण दहा हात करून पहिला नंबर मिळणार नव्हता. राइमुंडनं खुर्ची मागे सरकवली, पानांकडे एकदा बघितलं आणि शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल असं म्हणाला, "सहा."

सहा म्हणजे तेरातले बारा. एकच हात गमवायची मुभा.

हुबर्टनं बदामाचा राजा टाकला. राइमुंडनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. आता त्याला खेळायचं नव्हतं, खेळ एवाल्डचा. तो उठून एवाल्डच्या मागे उभा राहिला. बदामाचा एक हात पुढे जाणारच होता, म्हणून हुकमात एकही जाऊन चालणार नव्हता. दोघांकडे मिळून नऊ हुकूम, बाहेर चार, आणि त्या चारांत राणी. एवाल्डनं राजाला एक्क्यानं मारलं, मग हुकमाचा एक्का वाजवला. दोन्हीकडून बारकी पानं पडली. मग समोरच्या पानांतून लहान हुकूम खेळला. उजवीकडच्यानं लहानच टाकला.

इथं एवाल्ड थांबला. हातात राजा आणि गुलाम. राणी डावीकडे एकटी उरली असेल, तर राजा लावला की ती पडते. उजवीकडे असेल तर गुलाम लावायचा, म्हणजे ती हातातल्या हातात अडकते. नऊ हुकूम असले की राजा लावावा, हे ब्रिज शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगतात. एवाल्ड छताकडे बघत राहिला. लोक गोळा झाले. मग त्यानं गुलाम लावला.

हुबर्टनं राणी टाकली आणि कसंनुसं हसला. मग बदामाचा हातही त्यानं उचलला. डाव एकानं बुडाला.

राइमुंडचा आवाज वर गेला. "नऊ हुकूम! नऊ! अरे, माझी म्हातारी आईसुद्धा राजा लावते!"

"त्याच्याकडे बदाम सात होते, मुंडेक," एवाल्ड हळू म्हणाला.

"बदाम घाल चुलीत! राणी कुठं होती? तुझ्या नाकासमोर होती!" आणि मग, माणसं हसतायत हे बघून, त्याच्या तोंडातून निघून गेलं, "खाली बोगदेसुद्धा असेच मोजतोस काय रे? अंदाजपंचे?"

हशा झाला. मोठा नाही, पण झाला. मोजणीदाराला खाणीत असं बोलत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हसणाऱ्यांनाही.

एवाल्डच्या कानशिलांना लाली चढली. पानं गोळा करून त्यानं कडा जुळवल्या आणि गठ्ठा जागच्या जागी ठेवला. उरलेले दोन डाव तो एकही चूक न करता खेळला. मग बँड सुरू झाला, तेव्हा कोट घालून घरी गेला. ते तिसरे आले.

दुसऱ्या दिवसापासून दोघांत 'देव भलं करो', हा खाणीतला रामराम, एवढंच. पाळण्यात खांद्याला खांदा लागायचा आणि दोघं दोन भिंतींकडे बघायचे. दारू उतरल्यावर राइमुंडला आपण फार बोललो हे कळलं होतं. पण त्याचा हिशेब असा, की राणी चुकली एवाल्डची, तेव्हा आधी त्यानं कबूल करावं, मग आपण शब्द मागे घेऊ. सतरा वर्षांचं नातं आहे, नाताळपर्यंत होईल नीट.

नाताळाच्या आठवडाभर आधी मुख्य इंजिनियरनं त्याला बोलावलं. टेबलावर एवाल्डचा अर्ज होता. तळच्या थरावर बदली हवी म्हणून.

"काय झालं रे तुमच्यात?" इंजिनियर म्हणाला. "तळाला डोंगर रोज बोलतोय, छत करकरतंय. तिथं जायला कुणी तयार नसतं, आणि हा स्वतःहून मागतोय. तू त्याच्याशी बोल. तू नको म्हणालास तर मी अर्ज फाडून टाकतो."

राइमुंडनं अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात एवाल्डच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'सध्याच्या विभागात माझ्या मोजणीवर विश्वास राहिलेला नाही.'

त्यानं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. पण इंजिनियर बघत होता, आणि त्या वाक्यात आपलं नाव न घेता आपल्यालाच चपराक आहे असं त्याला वाटलं.

"जायचं तर जाऊ दे," तो म्हणाला. "माझ्याकडे काय मोजणीदारांचा दुष्काळ पडलाय?"

आणि त्यानं सही केली.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं एकत्र जेवत. त्या वर्षी जेवली नाहीत. राइमुंडच्या बायकोनं केक बांधून ठेवला होता, तो सहाव्या दिवशी त्यांनीच खाल्ला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळच्या पाळीत, राइमुंडच्या पायाखालची जमीन उचलल्यासारखी झाली. डब्यातला चहा हिंदकळून बाहेर आला. छतातून बारीक धूळ झरली. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग टेलिफोन वाजला. तळचा थर बसला होता. आत नऊ माणसं.

राइमुंड चार दिवस वर आला नाही म्हटलं तरी चालेल. बचाव पथकाबरोबर तो हातानं दगड उपसत होता, फावडं चालवायला जागा नव्हती. दोघं जिवंत निघाले, बुधवारी. शुक्रवारी एवाल्ड सापडला. कमरेचा पट्टा नवीन होता, त्याच्या बायकोनं, फ्रिदानं, नाताळात दिलेला, त्यावरून ओळखला. वर कपडे बदलायच्या दालनात छतापासून साखळ्या लोंबतात, प्रत्येकाचे कपडे आपापल्या साखळीवर वर ओढलेले. पाळी संपली की सगळ्या साखळ्या खाली येतात. सात तशाच वर राहिल्या होत्या. राइमुंड खाली बाकावर बसून त्यांतली एक बघत राहिला. राखाडी विजार, घरी विणलेला स्वेटर. शेवटी हुबर्टनं त्याला धरून घरी नेलं.

नंतर चौकशी झाली. डोंगराच्या मनात काय आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं, असा निकाल लागला. एवाल्डच्या मोजणीत चूक नव्हती, हेही त्यात लिहिलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी राइमुंडनं स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते काढले आणि तो डाव मांडला. त्याला प्रत्येक पान आठवत होतं. त्याला सिद्ध करायचं होतं की निदान त्या एका गोष्टीत आपलं बरोबर होतं. बाकी सगळं चुकलं असेल, पण राजा लावायला हवा होता.

हुबर्टकडे बदाम सात. म्हणजे तेरातली सहा पानं इतर रंगांची. उजवीकडच्याकडे बदाम दोनच, त्याची अकरा पानं इतर रंगांची. राणी बसायला डावीकडे सहा जागा, उजवीकडे अकरा. त्यानं पुन्हा मोजलं. मग पडलेली पानं वजा करून मोजलं. कसंही मोजलं तरी राणी उजवीकडे असण्याचीच शक्यता जास्त, जवळजवळ दुप्पट. नऊ हुकमांचा नियम, समोरच्यांबद्दल काहीच माहीत नसतं तेव्हाचा. एवाल्डला माहीत होतं. त्यानं एका वाक्यात सांगितलंही होतं. गुलामच बरोबर होता. राणी भलत्या ठिकाणी निघाली, ते नशीब. आणि ती शोधायची वेळ आली होती ती राइमुंडच्या 'सहा'मुळे.

बायको आत आली तेव्हा तो पत्त्यांवर डोकं टेकून बसला होता.

तो फ्रिदाकडे गेला. तिनं दार उघडलं. सतरा वर्षं ती त्याला 'अरे मुंडेक' म्हणत आली होती.

"या," ती म्हणाली. "बसा."

त्या 'बसा'नंतर त्याला खुर्ची ओढवेना. तो उभ्यानंच सगळं बोलला. डाव, बदाम, सहा जागा, अकरा जागा, आणि शेवटी ती सही. फ्रिदा हात पुसत ऐकत होती. ब्रिज तिला येत नसे.

"सहीचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "इंजिनियरनं सांगितलं त्याला. घरी येऊन म्हणाला, मुंडेकनं अडवलं नाही. नाताळात दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत जेवला नाही. मी म्हटलं, जेव ना. म्हणाला, येतील."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एक सांगा. तो बरोबर होता का?"

"होता. अगदी बरोबर होता, फ्रिदा."

"मग ते इथं कशाला सांगता? इथं त्याला कुणी चूक म्हटलं नव्हतं. जिथं म्हणालात तिथं सांगा."

गुरुवारी संध्याकाळी सभागृहात, ब्रिज क्लबाचा खेळ सुरू व्हायच्या आधी, राइमुंड उभा राहिला. वीसेक माणसं होती. पाठ करून आणलेलं सगळं त्यानं सांगितलं. आवाज पहिल्यांदाच इतका बारीक होता की मागच्यांनी "मोठ्यानं!" म्हटलं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. एवाल्ड पिएखाचा गुलाम बरोबर होता. माझी बोली चूक होती. आणि मोजणीबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं, तुम्ही त्यावर हसलात.

कुणी मान वर करीना. हुबर्टनं सिगारेट विझवली.

"मुंडेक, राणी तर माझ्याकडे होती ना," तो कळवळून म्हणाला. "गुलाम लावला आणि डाव गेला. आता बरोबर काय नि चूक काय? गेलेल्या माणसाला कशाला त्रास? ये, बस. चौथा भिडू नाहीये आम्हाला."

राइमुंडनं त्याला समजावायला तोंड उघडलं. सहा जागा, अकरा जागा. मग सोडून दिलं. तो बसला नाही. टोपी घेऊन घरी आला. त्यानंतर तो क्लबात गेला नाही, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

फ्रिदाला हे कळवायला तो पुन्हा गेला. तिनं दार अर्धंच उघडलं. "सांगितलं," तो म्हणाला. "त्यांना पटलं नाही बहुतेक."

"तुम्ही सांगितलंत ना," ती म्हणाली. "बरं." आणि दार लागलं.

मे महिन्यात ती बहिणीकडे ओपोलेला राहायला गेली. सामान उतरवायला खाणीतून तिघं आले, त्यांत राइमुंड होता. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा खालच्या बाजूनं सगळा भार त्यानंच घेतला. ट्रक भरला. फ्रिदानं रुमाल बांधला, तिघांना सॉसेज आणि ब्रेडची पुडकी दिली, आणि एकेकाचा हात हातात घेतला. पहिल्याला म्हणाली, देव भलं करो. दुसऱ्याला म्हणाली, देव भलं करो. राइमुंडलाही तेच म्हणाली, तेवढाच वेळ हात धरून, आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तसे बाकीचे दोघं पुडकी सोडून तिथंच फुटपाथवर खायला बसले. राइमुंडनं आपलं पुडकं कोटाच्या खिशात घातलं. दुपारची पाळी होती त्याची. तो शाफ्टकडे चालू लागला.