थर लावायला दुसरा हात

गुरुवारी संध्याकाळी घरात शिरताना तपासनिसाला आपल्या मुलीचा आवाज ऐकू येई, आणि तो आवाज सलग असे. ही बाब दखल घेण्याजोगी होती, कारण उरलेल्या आठवड्यात ती त्याच्याशी जे बोले त्याला वाक्य म्हणणे धाडसाचे ठरले असते. शाळा कशी झाली? ठीक. पेपर? बरा. भूक? नाही. गुरुवारी मात्र स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारामागे तिच्या वाक्यांना फाटे फुटत, मध्येच हसू येई, मग "अरे मामा, ऐक ना पुढे" असे म्हणून गाडी पुन्हा सुरू होई. तो दार ढकले तेव्हा ती "आलास?" एवढेच म्हणे आणि चीज किसू लागे.

मामा म्हणजे तपासनिसाच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो एका शाळेची बस चालवी. राहत्या घराची दुरुस्ती निघाल्यामुळे थोड्या दिवसांसाठी म्हणून तो यांच्याकडे आला होता आणि ते थोडे दिवस संपायचे नाव घेत नव्हते. गुरुवारी बायकोला दवाखान्यातून यायला उशीर होई, म्हणून त्या दिवशीचे जेवण मेहुण्याने आपल्याकडे घेतले होते. टॉर्टियाच्या पाकिटामागे छापलेली कृती वाचून तो एकच पदार्थ करी. खोलगट काचेच्या भांड्यात टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, तिच्यावर ठेचलेला राजमा, परतलेली भोपळी मिरची, मक्याचे दाणे, वर चीज, मग पुन्हा टॉर्टिया, असे भांडे भरेपर्यंत. टॉर्टिया आधी टोमॅटोच्या तिखट सॉसमध्ये बुडवलेल्या. शेवटी ओव्हन. घरात त्याला नुसते "मेक्सिकन" म्हणत. मेक्सिकोतल्या कोणी तो ओळखला असता, याला कसलाही पुरावा नव्हता.

तपासनीस वजनमापांच्या प्रयोगशाळेत होता. दुकानांतून आणि औषधालयांतून आलेले तराजू प्रमाणित वजनांशी ताडून ते किती खोटे बोलतात हे ठरवणे, हा त्याचा पेशा. मेहुण्याचा आपल्याला हेवा वाटतो, हेही त्याने बाकीच्या निरीक्षणांसारखेच कोरडेपणाने मान्य केले होते. मान्य केल्याने हेवा कमी होत नाही, हे दुसरे निरीक्षण.

त्या गुरुवारी चौघे जेवायला बसले होते.

"खालचा थर पुन्हा भिजलाय," तपासनीस म्हणाला. "सॉसमध्ये पाणी जास्त."

"तुझं प्रमाणपत्र येईपर्यंत आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंय," बायको म्हणाली.

"दाजी, तुम्ही चमच्याने खा," मेहुणा म्हणाला. "मग तो भिजला की मोडला, काय फरक पडतो?" मुलगी हसली. मेहुणा तिच्याकडे वळला. तिला तो भुंगी म्हणे. "काय भुंगे, आज डबा खाताना किती जणी?"

"तिघी."

"झालं ना काम? म्हटलं होतं की नाही, आपण होऊन जाऊन बसायचं. कोणी गिळत नाही आपल्याला."

तपासनिसाने काटा खाली ठेवला. "आज तिघी, म्हणजे एरवी किती?"

मेहुण्याने भुंगीकडे पाहिले. मग मुलगीच म्हणाली, "काही नाही रे बाबा. मध्ये थोडे दिवस मी एकटी बसायचे. आता नाही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"मी रोज विचारतो, शाळा कशी झाली."

"हो, आणि मी रोज सांगते, ठीक."

नंतर भांडी घासताना त्याने बायकोला हळूच विचारले, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग राग नाही आला?"

"आला की. पण भाऊ माझा आहे, म्हणून निम्माच आला." तिने दुसरे ताट त्याच्यापुढे धरले. "तुझा पुरा आलेला दिसतोय. तेच ताट केव्हाचं पुसतोयस."

खरे म्हणजे राग हा शब्द अचूक नव्हता. आपली मुलगी थोडे दिवस का होईना एकटी डबा खात होती, याचे दुःख त्याला झालेच. पण त्या दुःखाच्याही आधी, आणि त्याहून ठळकपणे, मनात आले ते हे की तिने ते त्या माणसाला सांगितले. जो चमचा वापरायचा सल्ला देतो, त्याला. हा क्रम आपल्याला शोभणारा नाही हे तपासनिसाला कळत होते. क्रम बदलला नाही.

पुढच्या गुरुवारी मेहुणा सहलीची बस घेऊन बाहेरगावी गेला होता. तपासनिसाने कामावरून लवकर निघून पदार्थ स्वतः केला. टॉर्टिया सॉसमध्ये बुडवल्या की लगदा होतो, म्हणून त्याने त्या आधी कोरड्याच भाजून घेतल्या. सॉस निम्मा होईपर्यंत आटवला आणि पळीने वरून पसरला. प्रत्येक थराचा राजमा वजन करून घेतला. मुलगी शाळेतून आली तेव्हा ओटा पुसून झाला होता आणि भांडे ओव्हनमध्ये होते.

"काही मदत?" तिने दारातून विचारले.

"काही नको, झालं सगळं," तो अभिमानाने म्हणाला. ती आपल्या खोलीत गेली.

ताटात तो पदार्थ वडीसारखा उभा राहिला. थर मोजता येत होते. बायकोने मान डोलावली. मुलगी म्हणाली, "मस्त झालंय, बाबा," आणि ते तिने मनापासून म्हटले, कारण तिने पुन्हा वाढून घेतले. मग "उठू?" म्हणाली आणि उठली. तपासनिसाने शिल्लक राहिलेल्या चौकोनाकडे पाहिले. पदार्थ सुधारला होता, निकाल शून्य.

त्यानंतरच्या गुरुवारी मेहुणा परत ओट्यापाशी होता. घरी आल्यावर तपासनीस या वेळी स्वयंपाकघरात शिरला नाही. बूट हातात घेऊन तो बोळातच थांबला आणि दाराच्या फटीतून पाहू लागला. स्वतःच्या घरात असे चोरासारखे उभे राहणे हास्यास्पद होते, पण निरीक्षण करायचे तर निरीक्षकाने दिसू नये.

मेहुणा कोमट सॉसच्या पातेल्यात टॉर्टिया बुडवी. ती लुळी पडे. दोन्ही हातांनी अलगद उचलून लगेच भांड्यात घातली नाही तर फाटे. त्याचे हात मनगटापर्यंत लाल झालेले, त्यामुळे दुसरे काहीच त्याला धरता येत नसे. राजमा पसरायचा, मिरची टाकायची, चीज भुरभुरायचे, ते भुंगीने, आणि तेही पुढची टॉर्टिया येण्याआधी. दोघांपैकी कोणालाही मान वर करायला सवड नव्हती. भुंगी बोलत होती ती भांड्याशी. तिच्या तोंडाकडे कोणी पाहत नव्हते.

आपण तिला नेहमी जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर, डोळ्यांत पाहून विचारतो, हे तपासनिसाच्या लक्षात आले. आणि पदार्थ सुधारताना आपण नेमकी तीच पायरी काढून टाकली, जी एका माणसाला जमत नाही. ही चूक करायला वजनमापांतच मुरलेला माणूस लागतो. त्याने बूट जागेवर ठेवले आणि मुद्दाम मोठ्याने खोकला.

सोमवारी मेहुण्याची संध्याकाळची फेरी होती. तपासनिसाने सॉस केला, पातळच ठेवला आणि मुलीला हाक मारली. "मला दुसरा हात लागेल."

"मागच्या वेळी लागला नव्हता."

"मागच्या वेळी पद्धत चुकीची होती."

"चांगलं झालं होतं की."

"उभं राहिलं होतं. ते वेगळं."

ती आली. पहिली टॉर्टिया त्याच्या हातातच फाटली. "अरे, घाई कर ना," ती म्हणाली आणि तुकडे जोडून त्यावर राजमा थापला. दुसरी नीट बसली. तो काही विचारत नव्हता. न विचारणे हे इतके कष्टाचे काम असेल अशी त्याची कल्पना नव्हती.

"मामाने सांगितलं का तुला असं करायला?"

"नाही," तो म्हणाला, आणि मामाचे नाव आताही आले म्हणून त्याने पुढची टॉर्टिया गरजेपेक्षा जोरात बुडवली. "मीच पाहिलं."

तिने मिरची पसरली. मग भांड्याकडेच पाहत म्हणाली, "त्या तिघी खोट्या होत्या."

"कोणत्या तिघी?"

"डब्याच्या. मी एकटीच बसते अजून. मामा रोज विचारायचा, आणि नाही म्हटलं की रोज नवीन युक्ती सांगायचा. त्याला इतकं वाईट वाटायचं ना, मग मी म्हटलं तिघी. त्याला सांगू नकोस हं. तूही युक्ती सांगू नकोस."

"मला एकही येत नाही," तपासनीस म्हणाला. हे अक्षरशः खरे होते. गेले काही आठवडे ज्याची त्याने इतकी आस धरली होती ते त्याच्या हातात आले होते. मेहुण्याला माहीत नसलेले काहीतरी आता त्याला माहीत होते. एक क्षण त्याला जिंकल्यासारखे वाटलेही. मग तिच्या वाक्याचे वजन कळले.

"कुठे बसतेस?"

"वरच्या जिन्यात. तिथे कोणी येत नाही."

त्याने आणखी एक टॉर्टिया उचलली. ती फाटली नाही. "सकाळी मी तुझ्याबरोबर चालत येत जाऊ का? शाळेच्या कोपऱ्यापर्यंत."

"त्याने काय होणार?"

"जिन्याचं काहीच नाही होणार. पण रस्त्यात दोघांनाही समोर बघून चालावं लागतं."

तिने त्याच्याकडे न पाहता खांदे उडवले. "बघू. कोपऱ्यापर्यंतच."

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले, ओठ जरा ताणून पाहिले, आणि मेहुणा दारात येईपर्यंत तिचा चेहरा तयार होता.

"दाजी, तुम्ही आणि सॉसमध्ये हात?" तो म्हणाला. "भुंगे, यांनी प्रयोगशाळेतला तराजू तर नाही ना आणला?"

ती हसली, खळखळून, कोणालाही खरे वाटेल असे. हेच हसू तपासनिसाने किती गुरुवार दाराबाहेरून ऐकले होते आणि ते आपल्या वाट्याला यावे म्हणून जळला होता. मेहुणा टोपी काढत होता, थकलेला, आनंदात. तपासनिसाला त्याचा पुन्हा हेवा वाटला, कारण त्याच्यापुरत्या त्या तिघी अजून खऱ्या होत्या.

"तुम्ही हात धुऊन बसा," तो मेहुण्याला म्हणाला. "आमचे दोन थर राहिलेत." आणि त्याने पुढची टॉर्टिया सॉसमध्ये सोडली.