नऊ वाट्या चहा

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर नऊ पाकिटं घेऊन आला, तेव्हा ती दिवसभराच्या वाट्या विसळत होती. चहाच्या त्या कंपनीत चव बघण्याच्या खोलीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. सगळे तिला चाखणाऱ्या बाई म्हणायचे. काम म्हटलं तर सोपं होतं. चमचाभर चहा आवाज करत ओढायचा, तोंडात घोळवायचा, डब्यात थुंकायचा, तक्त्यात आकडा टाकायचा आणि पुढच्या वाटीकडे वळायचं. अशा साठ-सत्तर वाट्या रोज. पूर्वी साधी पत्तीच असायची. गेल्या चार वर्षांत कंपनीने वासाचे चहा काढले आणि तिच्या जिभेच्या मागे कायमचा एक साबणासारखा थर बसला.

"बाई, सोमवारी सकाळी यातले सहा निवडून द्या," मॅनेजर म्हणाला. "भेटीच्या खोक्यात सहाच बसतात."

"आज शुक्रवार आहे, साहेब. आणि आज माझ्या एकसष्ट वाट्या झाल्यात."

"घरी घेऊन जा की. निवांत बसून बघा."

निवांत हा शब्द ऐकूनच तिला थकल्यासारखं झालं. पण तिने पाकिटं पिशवीत टाकली. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता.

शनिवार धुण्यात आणि बाजारात गेला. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा वाट्या मांडल्या. नऊ वासांच्या आणि एक साध्या चहाची. शेजारी साधा चहा असला की बाकीच्यांची तुलना नीट होते. लिंबू, संत्रं, पीच, सफरचंद, गुलाब, व्हॅनिला, चेरी, पुदिना, दालचिनी. प्रत्येक वाटीखाली नावाची चिठ्ठी उपडी घातली, म्हणजे आपलंच मन आपल्याला फसवायला नको. पाणी उकळून ओतलं, वाट्या झाकल्या, पाच मिनिटं घड्याळ लावलं, गाळून घेतलं.

पहिली फेरी झाली आणि दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत पीच आणि सफरचंद तिला एकच लागायला लागले. चेरी म्हणजे तर सरळसरळ खोकल्याचं औषध. पण त्याचा वास जोरदार होता, आणि अशाला गिऱ्हाईक भाळतं हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिने चेरीला आठ दिले, गुलाबाला आठ, व्हॅनिलाला साडेआठ. मग पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी डोळे चोळले.

नवरा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. गाड्यांच्या गॅरेजमध्ये तो स्प्रेने रंग मारायचा. तीस वर्षं तेच. नखांच्या कडांना कुठला ना कुठला रंग असायचाच, आणि त्यावरून कालची गाडी लाल होती की निळी ते तिला कळायचं. माणूस अबोल, पण त्याची कटकट नव्हती. ताटात पडेल ते खायचा आणि वर "छान झालंय" म्हणायचा. एक खोड मात्र होती. गॅसचं बटण तो हाताने चाचपून बघायचा, सकाळी एकदा, निघताना एकदा, झोपताना दोनदा. तिने कितीदा सांगितलं, बंद आहे हो. तरी उठून जायचाच. वयानुसार माणूस वहमी होतो असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

"अहो, जरा इकडे या," ती म्हणाली. "माझी जीभ आता काम देत नाहीये. तुम्ही चाखून सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला पाहिजे? पिणारेही तुमच्यासारखेच असणार आहेत. या."

तो आला, पण जरा नाइलाजाने. चमचा घेऊन पहिली वाटी चाखली. "छान आहे."

"कसला आहे?"

"चहा आहे."

"अहो, वास कसला आहे?"

त्याने वाटीतला रंग बघितला, पुन्हा चाखलं. "गुलाब," तो म्हणाला. तिने चिठ्ठी उलटली. पीच होता. दुसऱ्यालाही तो गुलाबच म्हणाला, ते लिंबू निघालं. तिसरी वाटी चाखल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. "हा गार लागतो. पुदिना." तो पुदिनाच होता. त्याच्या पुढच्या वाटीला त्याने पुन्हा बराच वेळ लावला, आणि "संत्रं असेल," असं म्हणाला.

ती साध्या चहाची वाटी होती. त्यात कसलाच वास नव्हता.

तिला आधी राग आला. रविवारची दुपार वाया घालवून आपण इथे बसलोय आणि याला थट्टा सुचतेय. "नसेल करायचं तर राहू द्या ना," ती म्हणाली. "उगाच तोंडाला येईल ते कशाला ठोकून देताय?"

त्याने चमचा बशीत ठेवला. सावकाश, आवाज न होऊ देता.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"सर्दी झालीय?"

"नाही. सहा वर्षं झाली."

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. रंग मारून झाल्यावर तो पत्रा तपासायचा, तशाच सवयीने.

"आधी कमी झाला," तो म्हणाला. "मग एके दिवशी रंग पातळ करायचं रसायन हातातून सांडलं, दोन लिटर. सगळे ओरडत बाहेर पळाले. मी पुसत बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"गॅरेजमध्ये कळलं असतं तर तिथून काढलं असतं. आणि तुला सांगून काय होणार होतं? तू दिवसभर तेच करून येतेस. घरी आल्यावर म्हणतेस, वासाचं नाव काढू नका."

हे खरं होतं. घरात पाऊल टाकलं की कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम तिनेच घातला होता. पण त्या क्षणी तिला तो आठवायला नको होता. सहा वर्षांचे डबे, सहा वर्षांचे सणवार, मुलीच्या लग्नाआधी चार दिवस राबून केलेला फराळ. या सगळ्याचं त्याने तोंड भरून कौतुक केलं होतं.

"मागे भाजी करपली होती, तेव्हा तुम्हीच उठून गॅस बंद केला होता."

"धूर दिसला म्हणून."

"आणि दूध? रोज मला विचारता, दूध बघ गं, दूध बघ."

"नासलेलं मला कसं कळणार?"

आणि गॅसचं बटण. ते तिने विचारलंच नाही. तिचं तिलाच उमगलं. ज्या नाकावर आपण पोट भरतो, त्या नाकापलीकडे दीड हातावर बसलेल्या माणसाचं आपल्याला काही कळू नये. भांडावं असं वाटत होतं, पण भांडणाचं पहिलं वाक्यही सुचेना. नळ ठिबकत होता, तोही कुणी उठून बंद केला नाही.

तो म्हणाला, "सोमवारी द्यायचंय ना तुला?"

"मरू दे ते."

"नाही, थांब." त्याने चमचा पुन्हा उचलला. या वेळी अंदाज न बांधता चाखू लागला. एक घोट, मग पाणी, मग दुसरा घोट. दहाही वाट्या झाल्यावर तो पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. शेवटी त्याने तीन वाट्या उचलून बाजूला ठेवल्या.

"हे तीन मेलेले आहेत."

"म्हणजे?"

"बाकीच्यांनी जीभ जरा आवळते. कडू लागतं, पण कडूत दम आहे. या तिघांत काहीच नाही. भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं."

तिने चिठ्ठ्या उलटल्या. गुलाब, व्हॅनिला, चेरी. तिने सगळ्यांत जास्त गुण दिलेले तिन्ही.

"तुमचं काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

"नाक दाबून बघ."

तिने नाक दाबलं आणि व्हॅनिलाचा घोट घेतला. जिभेवर कोमट पाणी आलं आणि गेलं. मग लिंबाचा घेतला. त्यात तुरटपणा होता, हिरड्यांना धरणारा, ताज्या पत्तीचा. चेरी, गुलाब. पुन्हा पुठ्ठा. पत्ती जुनी होती, ओल लागलेली, आणि तिच्यावर वास ओतला होता. नवशिक्याचं एक वेळ चुकलं असतं, पण तिला कळायला हवं होतं. वासाच्या चहाच्या तक्त्यात पत्तीसाठी रकानाच नव्हता, आणि जो रकाना नाही तो भरायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

सोमवारी ती आधी वास मिसळणाऱ्याकडे गेली. कारखान्याच्या मागच्या खोलीत तो बाटल्यांच्या गराड्यात बसायचा आणि सगळे त्याला अत्तरवाले काका म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, निवृत्तीला आलेला.

"काका, गुलाब, व्हॅनिला आणि चेरीत पत्ती कुठली आहे?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "भिंतीकडच्या गोदामातली. मागच्या वर्षीची पोती. भिंतीला ओल होती ना. वरून सांगितलं, वापरून टाका. मग मी वास दुप्पट टाकला."

"मला सांगायचं तरी."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. कारखान्यातल्या पहिल्या दोन चाचण्यांत हे तिन्ही तुम्हीच पास केलेत." ते टोमणा मारत नव्हते, साधं सांगत होते. म्हणूनच ते जास्त लागलं.

मॅनेजरच्या खोलीत ती दहा मिनिटं उभी होती. त्याने तक्ता पाहिला. तिन्हींसमोरचे आकडे खोडून तिने 'पत्ती शिळी, नापास' असं लिहिलं होतं.

"बाई, लोक नाक दाबून चहा पीत नाहीत," तो म्हणाला.

"एक माणूस पितो," ती म्हणाली. "मी या तिन्हींवर सही करणार नाही."

त्याने तक्ता पुन्हा वाचला. तिने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. येताना जिन्यात दोन वाक्यं घोळवलीही होती. पण तो म्हणाला, "ठीक आहे. सहाच हवे होते, सहाच उरले. काम झालं," आणि फोन उचलला. तिची दोन्ही वाक्यं तशीच घेऊन ती बाहेर आली. त्या तीन चहांचं पुढे काय झालं ते तिला दोन महिन्यांनी कळलं. दुसऱ्या शाखेतल्या कुणीतरी सही केली होती आणि ते वेगळ्या, स्वस्त पाकिटांतून बाजारात गेले होते. तिने पुन्हा एक चिठ्ठी लिहून वर पाठवली. उत्तर आलं नाही.

नवऱ्याला ती त्या सोमवारच्याच आठवड्यात नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर त्यांचा नंबर यायला सव्वा तास लागला. दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि दोघंही आलटूनपालटून पेंगत होते.

"इथे वास कसला येतो?" त्याने मधेच विचारलं.

एरवी कुणी विचारलं असतं तर तिने हात जोडले असते. "फिनेल," ती म्हणाली. "आणि कुणाच्या तरी डब्यातली भाजी."

"कसली?"

"कोबी असेल. जरा जास्त शिजलेला."

"आणखी?"

तिने डोळे मिटले. "त्या पलीकडच्या बाईंच्या केसांना तेल आहे. तुमच्या शर्टाला रंगाचा वास आहे. धुतला तरी जात नाही तो."

त्याने कॉलर वर करून हुंगून पाहिली, सवयीने, आणि खाली सोडली.

डॉक्टरने चार बाटल्या नाकाशी धरल्या, आत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की आता परत यायची आशा धरू नका, पण ते रंगकाम मात्र थांबवा, फुप्फुसं तरी वाचतील. गॅरेजच्या मालकाला नवऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. मालक चिडला नाही, उलट म्हणाला, आधी बोलला असतास तर. त्याला अवजारांच्या खोलीत बसवलं. तिथे त्याला सुरुवातीचे महिने करमलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तो स्वच्छ नखांकडे बघत बसायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी डॉक्टरकडून निघाल्यावर ते बसमध्ये बसले, आणि दोन थांबे झाले नाहीत तोच त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. तिलाही झोप लागली. जाग आली तेव्हा घर मागे राहिलं होतं.

"उतरा," तिने त्याला हलवलं. "पुढे आलोय आपण."

"किती?"

"तीन थांबे."

उलट दिशेच्या बसला गर्दी होती, म्हणून ते चालतच निघाले. तिची टाच दुखत होती, त्याचा गुडघा. एका दुकानाच्या बंद पायरीवर ते थोडा वेळ टेकले. रात्री काय करायचं असं तिने विचारलं. तो म्हणाला, तिखट काहीतरी कर, तेवढं लागतं मला. ती म्हणाली, बरं, मग मिरच्या घ्यायला लागतील. आणि दोघं उठून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे वळले.