बापाच्या गळ्यानं

सकाळपासून ऑर्व्हिल टलक आल्याचा काढा पीत होता, तरी त्याचा घसा कोरडाच होता. दुखत मुळीच नव्हता. ती भीती होती, आणि भीतीवर आलं चालत नाही हे किंग्स्टनमधल्या कुठल्याही गवयाला विचारा.

संध्याकाळी मिस मर्टलच्या अंगणात दोन साउंडची झुंज होती. साउंड म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, तबकड्या लावणारा एक तोंडाळ माणूस आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली. झुंज जिंकायची ती खास तबकडीवर. नावाजलेल्या गायकानं आपलंच गाजलेलं गाणं पुन्हा गायचं, त्यात या साउंडचं नाव घालायचं आणि समोरच्याला गाडून टाकायचं. अशी तबकडी एकुलती एक असते. त्यात गायक मेलेला असला तर विचारायलाच नको.

ऑर्व्हिलचा बाप, लासेल्स टलक, मरून दोन वर्षं झाली होती. त्याची म्हणून एक तबकडी आज झुंजीतल्या एका साउंडच्या मालकाच्या, पॉपा फिट्झच्या पेटीत होती, आणि ती ऑर्व्हिलनं गेल्याच महिन्यात गायली होती.

टलकांच्या घरात गाणं पिढीजात. आजोबा बँडमध्ये, आत्या कोरसमध्ये, थोरला भाऊ लंडनमध्ये बापाच्या नावावर मजेत. बापाचं 'नदी, जरा थांब' तर शिंप्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. धाकट्या ऑर्व्हिलला बापाचा गळा जसाच्या तसा मिळाला आणि तिथंच त्याचं वाटोळं झालं. त्यानं स्वतःची गाणी केली. लोकांनी ऐकली, माना डोलावल्या आणि म्हणाले, "हुबेहूब म्हातारा! आता ते नदीचं म्हण की."

फसत नसे ती एकटी आई, मिस इसी. लहानपणी बाप आणि लेक पडद्याआड उभे राहून आळीपाळीनं गायचे. ती पाठमोरी बसून रताळी सोलायची आणि एकदाही न चुकता सांगायची, हा लासेल्स, हा ऑर्व्हिल. "तुझ्या बापाच्या आवाजाला धार आहे," ती म्हणायची, "तुझ्या आवाजात ओल आहे. झोपेतसुद्धा ओळखीन." जगात त्याला स्वतःचा म्हणून आवाज आहे याला एवढा एकच पुरावा होता. त्यावरच तो जगत आला होता.

पॉपा फिट्झनं त्याला गाठलं ते याच दुखऱ्या जागी.

"एकदाच बापासारखा गा," फिट्झ म्हणाला. "मी सांगेन, म्हातारा मरायच्या आधी गाऊन गेला. पुढच्या नाचाला माझ्या साउंडवर तू. तुझं नाव, तुझी गाणी. म्हाताऱ्याचं एक अक्षर नाही."

"आणि पकडलो गेलो तर?"

"कोण पकडणार रे? तुझी आई?"

दोघंही हसले. ऑर्व्हिल जरा कमीच हसला.

संध्याकाळी अंगण गच्च भरलं होतं. बकऱ्याच्या सुपाची पातेली उकळत होती, आणि ज्याच्या त्याच्या हातात बाटली होती. आवडलं तर लोक पातेल्यांची झाकणं बडवतात. नाही आवडलं तर बाटल्या येतात. एका खोटारड्या गायकाचं डोकं याच अंगणात फुटलेलं ऑर्व्हिलनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आई पुढच्या बाकावर बसली होती, चर्चला जायची टोपी घालून. ती येणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

फिट्झनं तबकडी लावली. सुई खरखरली, आणि मेलेला लासेल्स टलक गायला लागला.

 मग झाकणं वाजली, पत्र्याचं कुंपण धडाधडा बडवलं गेलं. "परत! परत लाव!" फिट्झनं सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी ऑर्व्हिलनं शब्द नीट ऐकले. नदी, जरा थांब, जजमेंट साउंड येतोय.

चूक इथंच होती. बाप जिवंत असेतो फिट्झच्या साउंडचं नाव ब्लू लँटर्न होतं. जजमेंट हे नाव फिट्झनं जाहीर केलं ते बाप मेल्यावर नवव्या रात्री, त्याच्याच जागरणाला मयताची रम पिताना. ऑर्व्हिल तिथं होता. गाताना जीभ सवयीनं नव्या नावावर गेली, आणि ज्यानं ते नाव ठेवलं त्या फिट्झलासुद्धा पत्ता लागला नाही.

समोरच्या साउंडवर तबकड्या लावणाऱ्या बॅगाला मात्र लागला. त्यानं माईक ओढला.

"थांबवा! अहो शहाण्यांनो, म्हातारा मेला तेव्हा जजमेंट होता कुठं? हा गातोय कोण?"

संगीत थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि मग एकेक करून सगळ्या माना ऑर्व्हिलकडे वळल्या. बाटल्यांवरच्या मुठी घट्ट झाल्या. फिट्झ आपली पेटी पुसत बसला, जणू त्याचा कशाशी संबंधच नाही.

"चल रे लेका," बॅगानं माईक त्याच्या छातीवर टेकवला. "गा. सगळ्यांसमोर गा."

पळायला वाट नव्हती. गाणं हाच कबुलीजबाब होता. आणि भीतीच्या तळाशी ऑर्व्हिलला एक वेडी आशाही वाटली: निदान कळेल तरी की तो मी होतो. त्यानं तोंड उघडलं. गळ्यातून कोंबडं मुरगाळल्यासारखा चिरका आवाज आला. तो खाकरला, पुन्हा गायला. तेच.

कुणी तरी फिस्सकन हसलं. "हा? ह्याच्या बापजन्मात जमेल का ते!"

"मीच गायलो," ऑर्व्हिल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "देवाशपथ, मीच."

तेवढ्यात मिस इसी उठली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"माझ्या पोराला सोडा," ती म्हणाली. "त्याचा आवाज मी ओळखते. तो हा नव्हे. माझा नवरा होता तो. नवं नाव ऐकून आला आणि गाऊन गेला."

 मग एकानं बाटली उघडून मेलेल्याच्या वाटणीची रम जमिनीवर ओतली. दुसऱ्यानं ओतली. बायकांनी पोरं जवळ ओढली. बॅगानं डोक्यावरची टोपी काढली, आणि झुंज न लढताच संपली.

घरी जाताना अंधार पडला होता. ऑर्व्हिलनं आईचा दंड धरला.

"आई, खरंच मी होतो. फिट्झच्या सांगण्यावरून केलं. नीट आठव ना."

"मला वाईट वाटू नये म्हणून सांगतोयस," ती म्हणाली आणि त्याचा हात थोपटला. "अरे, माझे कान अजून शाबूत आहेत."

तिनं उंबऱ्यावर रम शिंपडली, "दमला असशील, लासेल्स," असं पुटपुटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ऑर्व्हिल फाटकाशीच उभा राहिला. बाटल्या नाहीत, माणसं नाहीत. घसा हळूहळू सुटत गेला. त्यानं स्वतःचं गाणं धरलं, नवं, कुणी कधी न ऐकलेलं, त्यानं एकट्यानं बांधलेलं. आवाज भरून लागला. ही ओल तरी तिला कळेल. खिडकीकडे तोंड करून तो जीव तोडून गायला.

आतला दिवा विझला. दाराचा अडसर पडल्याचा आवाज आला, आणि मग फटीतून आईची घाबरी हाक.

"ऑर्व्हिल! कुठं आहेस रे पोरा? मागच्या दारानं आत ये. तो पुन्हा आलाय. त्यानं हाक मारली तरी ओ देऊ नकोस."

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं, पण कुठल्या आवाजात ओ द्यावी हे त्याला कळेना.