विणीतून जाणारी धूळ

रुचिका चौकातल्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये बसायची. दिवसभर गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि धूर ठीक असल्याचं सर्टिफिकेट काढून द्यायची. तिला पाचवा महिना लागला, तेव्हा सासऱ्यांनी विचारलंच, "अन् तू जो धूर गिळून राहिली, त्याचं काय?"

सासरे जागेश्वर. घर कोष्ट्यांचं, पण माग कधीचाच बंद. ते आता एका शाळेच्या गेटवर बसत. सुनेसाठी त्यांनी माग झाडला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि तोंडाला बांधायला असा घट्ट दुपट्टा विणला, की एप्रिलच्या उन्हात रुचिकाची आतल्या आत आंघोळ व्हायची.

"आपल्या विणीतून पानी नाही गळत, धूळ काय चीज हाय!"

कापडानं भागत नाही, हे डॉक्टरबाईंनी रुचिकाला आधीच सांगितलं होतं. पण मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगणार कोण? ती रोज दुपट्टा बांधून व्हॅनमध्ये बसायची, भीतीनं एक हात पोटावर ठेवून.

पुढच्या तपासणीला मामाजी सोबत आले. दुपट्ट्याची तारीफ ऐकायला.

"काका, कापड लाखमोलाचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण ही धूळ केसाहून कितीतरी बारीक. विणीतून जाते, फुप्फुसातून रक्तात उतरते. रहदारीत राबणाऱ्यांच्या जनुकांवर तिचे घाव दिसलेत. बाळाला त्रास होईलच असं नाही. शरीर बरंचसं दुरुस्तही करतं. पण रोज नवे घाव कशाला? हिला धुरापासून लांब ठेवा."

जागेश्वरांनी दुपट्टा खिडकीसमोर धरला. उजेड आरपार आला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुले मालूम होतं?"

"हो, मामाजी."

"मंग काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं विणला..."

"हौस माही अन् फुप्फुस तुहं? म्हातारा रुसन म्हणून लेकराले धूर पाजतं का?"

तिला घेऊन ते तडक व्हॅनच्या मालकाकडे, गोपाळरावांकडे निघाले. त्यांचं झेरॉक्सचं दुकान रस्त्यापासून लांब, आतल्या गल्लीत होतं.

"व्हॅनवर दुसरं माणूस कुठून आणू, भाऊ?" गोपाळराव म्हणाले.

"मी जातो न," झेरॉक्स मशीन चालवणारी रंभाबाई मागून बोलली. तिचे कान नेहमीच गिऱ्हाइकांच्या गप्पांत असायचे. "पोरगी इथं बसन."

"पण मावशी, धूर तुम्हालाही..." रुचिका म्हणाली.

"मी काय रोज जाऊन राहिली? एक दिवस मी, एक दिवस दुकानातला मोहित. अन् गोपाळराव, ते डॉक्टर लोकांचे घट्ट मास्क दुकानाच्या खर्चानं आणा. नाही तर मी चालली मौद्याले, लेकीकडे."

गोपाळरावांनी एकदा मशीनकडे पाहिलं. ते मशीन रंभाबाईशिवाय कुणाचंच ऐकत नसे, आणि तिच्या जागी रुचिकाला शिकवायलाही तीच हवी होती. त्यांनी मान हलवली.

रुचिकाचे डोळे भरून आले.

"ए, कागदावर रडू नको, मशीन अटकते," रंभाबाईनं स्टूल पुढं सरकवलं. "बस."

ती बसली. जागेश्वर दारातच उभे होते. घरी जायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. गल्लीत कुणीतरी कढीपत्त्याची फोडणी दिली. कितीतरी दिवसांनी रुचिकाला डिझेलखेरीज कशाचा तरी वास आला, आणि सपाटून भूक लागली.