चोवीस मॉड्यूल आणि एक हौद्री

सात रस्ता चौकात दुकानांचे लाईटचे बोर्ड करायला लागून मला तीस वर्षं झाली. माझा बोर्ड भर दुपारच्या उन्हात वाचता येतो. आणि आमची पोरगी दानेश्वरी फोनवर मला शिकवते, "अप्पा, माशांच्या टाकीला कमी उजेड लावायचा हं."

कमी! मला, मृत्युंजय बोर्डवाल्याला, कमी उजेड सांगायचा म्हणजे हलवायाला साखर बेतानं घाल म्हणण्यासारखं की.

पोरगी नोकरीला पुण्याला गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. चार मासे, आणि सावलीत वाढणारी फर्नची झाडं. टाकीची ट्यूब जळाली म्हणून नवी एलईडी मीच करायला घेतली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा तो त्या झाडांसाठी. झाडांची चौकशी पाच मिनिटं, माझी अर्धं मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी मी दिवसभर थांबायचो, खोटं कशाला बोलू? जाताना ती म्हणाली होती, "पाणी बिघडलं तर टाकी मी पुण्याला नेणार." म्हणजे फोनच बंद की!

म्हणून हात आखडता घेतला न्हाय. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोर्डात लावायचे चोवीस एलईडी मॉड्यूल चिकटवले आणि पट्टी टाकीवर ठेवली. बटण दाबलं, मासे दगडाखाली पळाले. बायको महेश्वरी म्हणाली, "अगं बाई! हितं साड्यांचा सेल लागलाय का?"

आठवड्यानं अक्कलकोटहून सासूबाई आल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. त्यांना मराठी कळतं, बोलतात मात्र कानडीच. आणि मला कानडी येत न्हाय. बघायच्या कार्यक्रमात 'येतं' म्हणून ठोकून दिलं होतं. तेव्हापासून सव्वीस वर्षं सासूबाई काय पण बोलू देत, मी "हौद्री" म्हणतो. होय हो. संसार झाला की त्यावर.

डोळ्याची पट्टी निघाली. मी दुपारी जेवायला घरी आलो, महेश्वरी बालवाडीत शिकवायला गेलेली. सासूबाईंनी टाकीकडं बोट केलं. मला ऐकू आलं, "अळियदेवरे, हसिवु आग्याद." अळियदेवरे म्हणजे जावईबापू, आणि हसिवु म्हणजे भूक, एवढं जेवणाच्या पंगतीत कानावर पडून माहीत होतं. मासे उपाशी हायत म्हणे! "हौद्री" म्हणलो आणि चिमूटभर दाणे टाकले.

दुसऱ्या दिवशी परत तेच. चमचाभर टाकले. तिसऱ्या दिवशी मूठभर. आता पाणी चांगलंच हिरवं दिसायला लागलं. मला वाटलं, झाडं जोरात हायत. सासूबाई कपाळाला हात लावून बसायच्या. म्हणलं, मुक्या जिवावर किती माया! मग पानांवर शेवाळ चढलं आणि माझं धाबं दणाणलं. पोरीला म्हणायला लागलो, "व्हिडिओ नको, रेंज न्हाय."

रविवारी ती न सांगता दारात. "अप्पा, ही टाकी हाय का पालकाची भाजी?"

सासूबाई तिच्याशी कानडीत जे सुटल्या! ऐकता ऐकता पोरगी हसत खालीच बसली. "अहो अप्पा, अज्जी आठवडाभर 'हसिरु' म्हणतीय, हसिवु न्हाय. हसिरु म्हणजे हिरवं! पाणी हिरवं झालंय म्हणून ती सांगतीय, आणि तुम्ही होय होय करत वर दाणे टाकताय!"

महेश्वरीनं माझ्याकडं रोखून बघितलं. "म्हणजे तुम्हाला कानडी..."

तेवढ्यात सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं. "मला ठावं हाय की. बघायला आल्ते तवा मी कानडीत इचारलं, शिक्षण किती? म्हणले, हौद्री."

दुपारभर मी आणि दानेश्वरी टाकीपुढं बसलो. चोवीसातले सहा मॉड्यूल ठेवले, पट्टी वीतभर उंच टांगली, दिवसात सहाच तास लावायचं ठरलं. निम्मं पाणी बदललं, पानं पुसली. उजेड कसला, देव्हाऱ्यातल्या समईएवढा. मला लाज वाटली. पण मासे दगडाखालनं बाहेर आले.

"टाकी नेणार का गं?" मी विचारलं. "बघू," म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मी घाईघाईनं सुरू केलं, "झाडं बरी हायत, पाणी पण..."

"ते राहू द्या. अप्पा, ऊट आतेन?"

जेवलात का. एवढं कळलं. जिभेवर आलेलं हौद्री मी गिळलं.

"न्हाय अजून," म्हणलो. "हसिवु आग्याद."

"बरोबर!" ती ओरडली. "उद्या दुसरा शब्द."