मुकुट नसलेला देव

सर्व सुज्ञ वाचकांस सविनय विदित व्हावे की, अमळनेर गावी झालेल्या एका नाटकाची हकीकत मी येथे यथामती निवेदन करणार आहे. तीत युद्ध नाही, राजकन्याही नाही. केवळ जगाचा आरंभ आहे.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असून धर्माने बेने इस्राएल, म्हणजे यहुदी आहे. शनिवारी आमचे लोक तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात आम्हांस शनवार तेली म्हणतात. आमची सामुदायिक प्रार्थना दहा पुरुष जमल्याविना होत नाही. अमळनेरात मी एकटा. पत्नी निवर्तल्यावर माझ्या शब्दांस 'आमेन' म्हणणारेही कोणी उरले नाही.

सन १९३४ च्या चैत्रात जिनिंगचा हंगाम आटोपला आणि गल्लीतील तरुण माझ्या ओट्यावर बसू लागले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणास गावाने मिळून नाटक करावयाचे होते. जुनी आख्याने लोकांस तोंडपाठ झाली होती. त्यांचा म्होरक्या शिंप्याचा वना मला म्हणाला, "आबा, तुमना धरममा जग कसं बनं, ते सांगा ना."

माझे वडील ही कथा कीर्तनात गात. मी ती सांगितली. आरंभी अंधार व जल. मग देव बोलला आणि उजेड झाला. सहा दिवसांत सृष्टी, सातव्या दिवशी विसावा.

"देव थकना का मंग?" त्यांच्यातील झुलालने विचारले.

"तुनासारखा मानूस बनाडा, मंग थकनारच ना!" तोताराम म्हणाला, आणि सर्व हसले. मीही पुष्कळ दिवसांनी हसलो.

रोज सायंकाळी तालीम होऊ लागली. झुलाल निळी लुगडी हलवून समुद्र करी. वना देव होणार होता. आमच्या धर्मात देवास रूप देणे निषिद्ध आहे, हे त्यास सांगणे माझे कर्तव्य होते. परंतु सांगितल्यास ओटा ओस पडेल, या भयाने मी आज-उद्या करीत राहिलो.

एके दिवशी वनाने जळगावहून मुकुट आणला व तो घालून उभा राहिला. झुलालची आई भागाबाई पाहावयास आली होती. तिने पुढे होऊन वनाच्या पायांवर मस्तक ठेवले. "देवबा, मना पोऱ्याले सुखी ठेव." जो देवाचे सोंग घेतो तो तेवढा वेळ देवच, अशी इकडील रीत, तिचे काहीच चुकले नव्हते. पण मला बसवेना.

"वना, मुकुट उतरव. आमच्या देवास तोंड नाही, हात नाहीत. त्याचे सोंग होत नाही."

"मुकुट बिगर देव कसा वयखू येई, आबा? लोके म्हनतीन, हाऊ तं शिंपीना वना!"

"कोणीच दिसू नये. पडद्यामागून नुसता शब्द यावा."

भागाबाईने मनापासून विचारले, "मंग मी पाया कोना पडू, आबा?"



दुसऱ्या दिवशी वना एकटाच आला. "आम्ही ब्रह्मदेवनं नाटक करतस, आबा. तुमना देवले आम्ही हात लावत नहीत. राग नका धरू."

त्याने शब्द पाळला. आखाजीस देवळापुढे नाटक झाले. मी सर्वांच्या मागे उभा होतो. अंधार तोच, समुद्र तोच, हशाही त्याच ठिकाणी झाला. ब्रह्मदेव मुकुट घालून आले तेव्हा सारे गाव हात जोडून उभे राहिले. माझे हात बाजूलाच राहिले. शेजारच्या गृहस्थाने माझ्याकडे एकदा पाहिले व तो थोडा सरकून उभा राहिला.

त्यानंतर तालीम उरली नाही, म्हणून मुलांचे येणेही उरले नाही. रस्त्यात भेटल्यास ती आदराने रामराम करतात.

सणानंतर भागाबाई मात्र एकदा आली. पदराखाली सांजोऱ्या होत्या. "देवले निवद दाखाडाना आधीच काढी ठेयात, आबा. तुम्हले चालतीन." मूर्तीपुढे ठेवलेले अन्न आम्हांस वर्ज्य, हे तिने ध्यानात ठेवले होते.

मी तिला बसावयास सांगितले. पण तिची लेक माहेरी आलेली, घरी झोका बांधलेला. ती उभ्या उभ्याच परतली. सांजोऱ्या उत्तम होत्या. त्या मी ओट्यावर बसून एकट्याने खाल्ल्या.

ज्या वाचकांनी माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे हे लेखन शेवटपर्यंत वाचले, त्यांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

एलोजी मुसाजी किहीमकर,
फिटर, अमळनेर